बाम्बर्ग: बिअर प्यायची असेल तर आधी महिना ठरवा

बाम्बर्गला जाणार असाल तर हॉटेल नंतर बघा, आधी महिना ठरवा. बहुतेक लोक म्युनिकला ऑक्टोबरफेस्ट करतात आणि तिथूनच परत फिरतात, त्यामुळे जर्मनीच्या बव्हेरिया राज्यातलं, उत्तरेकडचं हे गाव राहूनच जातं, आणि खरं सांगतो, बिअर ऋतूप्रमाणे कशी बदलते हे बघायला यापेक्षा चांगली जागा मला तरी माहीत नाही.

आम्ही जूनमध्ये गेलो. न्यूरेंबर्गहून रिजनल ट्रेनने तासाभराच्या आत पोचतो. तीन-चार जण असाल तर बायर्न तिकीट (बव्हेरियातल्या रिजनल ट्रेनचं, ग्रुपला चालणारं दिवसभराचं तिकीट) काढा, वीकडेला सकाळी 9 नंतर चालतं, शनिवार-रविवारी सकाळपासूनच. गाडी नेऊ नका, दिवसभर बिअर पिऊन चालवायचा प्रश्नच येत नाही.

स्टेशनवरून जुन्या गावात चालत जाताना वाटेतच ष्पेत्सियाल लागतं, 1536 पासूनची ब्रुअरी. सुरुवात इथून करा, कारण यांची धुराची बिअर, म्हणजे धुरावर वाळवलेल्या माल्टची (मोड आणलेल्या बार्लीची) बिअर, सौम्य आहे. कॅथेड्रलच्या टेकडीखालचं श्लेंकेर्ला या दुसऱ्या ब्रुअरीचं पब त्यानंतर. त्यांची मेर्त्सेन नावाची बिअर लाकडी पिंपातून येते, रंग जवळजवळ काळा, आणि पहिल्या घोटाला फक्त धूरच जाणवतो. तेवढ्यावरच थांबू नका, ग्लास अर्धा झाला की मागची माल्टची गोडी लागायला लागते. पूर्वी मोड आणलेली बार्ली उघड्या आगीवरच वाळवायचे, त्यामुळे कितीतरी ठिकाणच्या बिअरला धुराचा वास असायचा. पुढे धूर माल्टला लागणार नाही अशा भट्ट्या आल्या आणि ती चव जवळपास सगळीकडून गेली, या दोन घरांनी मात्र बीचच्या लाकडावर स्वतःचं माल्ट वाळवणं चालूच ठेवलं. ही बिअर अजून मिळते ती फक्त त्यांच्या या हट्टामुळे, आणि मला त्याचं फार कौतुक वाटतं.

आता मेर्त्सेन म्हणजे मार्चची बिअर, ती मार्चचीच का? 1553 मध्ये बव्हेरियाच्या ड्यूकने हुकूम काढला की बिअर फक्त 29 सप्टेंबर ते 23 एप्रिल या काळातच बनवायची. उन्हाळ्यात बनवलेली बिअर आंबट होऊन नासायची, आणि इथलं लागर यीस्ट थंडीतच नीट काम करतं. मग आपल्याकडे पावसाळ्याआधी पापड-कुरडयांची बेगमी करतात तशी मार्चमध्ये जास्त कडक बिअर करून तळघरात साठवायची आणि उन्हाळाभर पुरवायची. बिअरमध्ये काय घालायचं हे ठरवणाऱ्या बव्हेरियाच्या 1516 च्या प्रसिद्ध शुद्धतेच्या कायद्यातही ऋतू आहेच, हिवाळ्यात एक मास (साधारण लिटरभराचं माप) बिअर जास्तीत जास्त 1 फेनिग (तेव्हाचं नाणं), उन्हाळ्यात 2 फेनिग. बाम्बर्ग तेव्हा बव्हेरियात नव्हतं, इथे बिशपचं राज्य होतं, आणि फक्त माल्ट, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) आणि पाणी वापरा हा नियम इथल्या बिशपने 1489 मध्येच काढला होता, म्हणजे त्या कायद्याच्या 27 वर्षं आधी! गावातले लोक हे अभिमानाने सांगतात आणि सांगायलाच हवं.

ती थंड तळघरं टेकड्यांच्या दगडात खोदलेली आहेत आणि वर सावलीसाठी चेस्टनटची झाडं लावलेली, कारण त्यांची मुळं खोल जात नाहीत, खालच्या छताला धोका नाही. 1870 च्या दशकात लिंडेचं कूलिंग मशीन आलं, तळघरांची गरज संपली, पण झाडाखाली बसायची सवय राहिली. संध्याकाळ त्यासाठीच ठेवा. श्टेफान्सबेर्ग टेकडीवरच्या ष्पेत्सियाल-केलरला (केलर म्हणजे तळघर, आणि आता त्यावरची झाडाखाली बसायची बिअरची जागा) जा, चढ बऱ्यापैकी आहे, ज्येष्ठ कोणी बरोबर असतील तर बस बघा. वरून चार मनोऱ्यांचं कॅथेड्रल आणि अख्खं गाव दिसतं. अर्ध्या लिटरला इथे "साइडला" असं म्हणतात, तेच मागा. पाऊस असेल तर केलर बंद असू शकतं, हवामान बघून निघा. आणि रोख पैसे ठेवा.

शाकाहारी मंडळींसाठी, श्लेंकेर्लात मेनू मांसाचाच जास्त आहे. ओबाट्स्डा, म्हणजे मसाला घातलेलं चीज, आणि ब्रेत्सेल हा पीळदार खारा पाव यावर भागतं. बऱ्याच केलरवर स्वतःचा डबा आणलेला चालतो, जुनीच पद्धत आहे, फक्त बसायच्या आधी विचारा. आम्ही थालीपीठं नेली होती, धुराच्या बिअरबरोबर ती फारच जमली, शेजारच्या टेबलावरच्या आजींनीही एक घेतलं.

महिन्याचं थोडक्यात सांगतो. मे ते सप्टेंबर केलरसाठी. जुलैअखेर असाल तर वाटेत फोर्खहाइमला उतरा, तिथे जंगलातल्या तळघरांवर आनाफेस्ट भरतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बोक ही कडक बिअर येते, साधारण साडेसहा टक्के अल्कोहोलची, प्रत्येक ब्रुअरी आपल्या तारखेला पहिलं पिंप फोडते, गर्दी तुफान असते, तारखा आधी बघून राहायची सोय लवकर करा. नाताळच्या दिवसांत श्लेंकेर्लाची ओकच्या धुरावरची 8 टक्क्यांची आइखे मिळते, ती सावकाश प्या, आणि जेवण करूनच. ईस्टरआधीच्या उपासाच्या काळात त्यांची फास्टनबिअर असते, न गाळलेली. आम्ही पुढच्या वेळी त्यासाठीच जाणार आहोत, तेव्हा कोणी मार्चमध्ये जाऊन आलं असेल तर गर्दी कितपत असते ते नक्की लिहा.