रात्री तीनची नाडी

रात्री तीनच्या सुमारास जाग यायची आणि डोळे उघडायच्या आधीच उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर गेलेली असायची. ५२, ५३. मधेच एखादा ठोका चुकल्यासारखा वाटला की अंग गार पडायचं. मग बायकोला न उठवता खाली यायचं, दिवा लावायचा आणि खुर्चीत बसून उजाडायची वाट बघायची. नोव्हेंबरात इथे इंग्लंडमध्ये, लीड्सला, साडेसातशिवाय उजाडत नाही.

त्याच्या महिनाभर आधी मला हार्ट अटॅक आला होता. मनगटातून नळी घालून अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला, तिसऱ्या दिवशी घरी. एवढं मी कुणालाही न अडखळता सांगायचो. पण माझे बाबा साताऱ्याला चौपन्नाव्या वर्षी झोपेतच गेले, मी एकोणपन्नासचा आहे आणि मला झोपायचीच भीती वाटते, हे कुणाला सांगणार? हॉस्पिटलातून निघताना प्रत्येक गोळी समजावून दिली होती. भीतीबद्दल कुणी एक शब्द काढला नव्हता.

एका रात्री छाती आवळून आली, बोटांना मुंग्या आल्या. छातीत दुखलं की आपल्याकडे जिभेखाली सॉर्बिट्रेटची गोळी ठेवतात, तसा इथे स्प्रे देतात. एकदा मारला, पाच मिनिटं थांबलो, पुन्हा मारला, आणखी पाच मिनिटं. आवळणं कमी होईना, तेव्हा बायकोने ९९९, म्हणजे इथला अ‍ॅम्ब्युलन्सचा नंबर, लावला. ईसीजी झाला, हृदयाला इजा झाली की रक्तात वाढणारं ट्रोपोनिन दोनदा तपासलं, सगळं ठीक. पहाटे घरी येताना मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटली ती लाज. सगळ्यांना उगाच धावपळ करायला लावली असं झालं.

ती लाज उतरवली कार्डिअ‍ॅक रिहॅबमधल्या नर्सने. इथे हार्ट अटॅकनंतर हा व्यायामाचा आणि माहितीचा कार्यक्रम सरकारी आरोग्यसेवेतच मिळतो. माझा आठ आठवड्यांचा होता. पहिल्या दिवशी तिने एक फॉर्म हातात दिला. चौदा प्रश्न, सात चिंतेचे, सात नैराश्याचे. लीड्समध्येच काम करणाऱ्या झिगमंड आणि स्नेथ या दोन डॉक्टरांनी १९८३ मध्ये ही प्रश्नावली तयार केली, आणि ती मुळात मनोरुग्णांसाठी नाही, शरीराच्या आजाराने हॉस्पिटलात आलेल्या माणसांसाठी आहे. म्हणजे हृदय बिघडलं की मनही हादरतं, हे त्यांनी चाळीस वर्षांपूर्वीच धरून ठेवलं होतं. पोटात गोळा येणं, जिवाला स्वस्थता नसणं, सगळं त्यात विचारलेलं. मी पहिल्यांदा खरं लिहिलं. चिंतेचे २१ पैकी १४ आले. अकरा किंवा त्याहून जास्त आले की लक्ष द्यायचं.

तिने घाई केली नाही. नाडी ५२ का, तर बिसोप्रोलॉल ही गोळी ठोके कमी करण्यासाठीच दिली आहे. घाबरून आपण भराभर श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून बोटांना मुंग्या येतात, छातीही आवळते. पण हे भीतीचं की हृदयाचं, याचा निवाडा घरी बसून तुम्ही करायचा नाही, असं तिने बजावलं. दहा मिनिटांत थांबलं नाही तर फोन करायचाच, दरवेळी, आणि लाजायचं नाही. (आपल्याकडे १०८ आहे. नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा.)

व्यायाम हॉलमध्ये दहा-बारा जण. भिंतीवर ६ ते २० आकड्यांचा तक्ता, किती दम लागला ते आपणच सांगायचं, ११ ते १४ च्या मध्ये राहायचं. तिथे मला घाम आला, ठोके वाढले आणि काही झालं नाही. माझ्यासाठी ही केवढी मोठी गोष्ट होती! वाढलेले ठोके म्हणजे मरण नव्हे, हे मनाला कितीही सांगा, ते शरीराला पटावं लागतं.

डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय समुपदेशनासाठी स्वतः नाव नोंदवता येतं, तेही केलं. फोनवरची ताई म्हणाली, काळजीला वेळ नेमून द्या. आता संध्याकाळी सहा ते सव्वासहा मी वहीत काळज्या लिहितो. पहिल्या पानावर पहिलीच ओळ होती : आईला सांगितलेलं नाही.

साताऱ्यात ती एकटी, तिला धक्का बसेल, म्हणून दर रविवारी व्हिडिओ कॉलवर मी हसरा चेहरा करून बसायचो आणि फोन ठेवला की गळून जायचो. शेवटी डिसेंबरात सांगितलं. ती रडली नाही. आधी "जेवण काय चालू आहे?" विचारलं. मग जरा वेळाने म्हणाली, "तुझे बाबा गेल्यावर दोन वर्षं मी रात्री उठून तुम्हा दोघा भावंडांच्या नाकाशी बोटं धरून बघत होते. कुणाला बोलले नाही."

त्यानंतर बराच वेळ आम्ही दोघंही नुसते स्क्रीनकडे बघत राहिलो.

रिहॅब संपताना तोच फॉर्म पुन्हा भरला. चिंतेचे ८ आले. तीनला जाग अजूनही येते, आठवड्यातून एखाद्या वेळी. साताऱ्यात तेव्हा साडेआठ वाजलेले असतात. आई म्हणते, फोन कर, मी चहा घेत असते.