कॉलेजचा क्वार्टरबॅक जोखताना आधी वजाबाकी

मार्च-एप्रिल म्हणजे निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाची काढणी उरकत आलेली असते, आणि तिकडे अमेरिकेत एनएफएल या व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल लीगचे ३२ संघ कॉलेजच्या पोरांना उलटसुलट करून तपासत असतात. ड्राफ्टची, म्हणजे संघांनी आळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडण्याची, पहिली फेरी तिथल्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेने गुरुवारी रात्री ८ वाजता सुरू होते, म्हणजे आपल्या शुक्रवारी पहाटे साडेपाचला. गंगापूर रोडवर फिरायला जाणारे बूट घालत असतात, तेवढ्यात पहिलं नाव पुकारलं जातं. आणि ते नाव बहुतेक वेळा क्वार्टरबॅकचंच, म्हणजे डाव चालवून पास फेकणाऱ्या खेळाडूचंच असतं.

द्राक्षाचा जाणता व्यापारी बागेत आला की वरचा, उन्हाने पिकलेला मणी खाऊन भाव करत नाही. घडाच्या शेंड्याचा मणी काढतो, सावलीतल्या घडाचा काढतो, रस रिफ्रॅक्टोमीटरवर टाकून ब्रिक्स, म्हणजे साखरेचं प्रमाण बघतो. खांद्याजवळचा मणी गोड असणारच, शेंड्याचा किती आंबट आहे त्यावर माल ठरतो. यूट्यूबवरचे हायलाइट्स म्हणजे खांद्याजवळचे मणी. पोरगा जोखायचा तर त्याचे चार-पाच पूर्ण सामने बघा. त्यांत सगळ्यात तगड्या बचावाविरुद्धचा एक आणि त्याचा सगळ्यात वाईट गेलेला एक, हे दोन असलेच पाहिजेत.

सी. जे. स्ट्राउडचं उदाहरण घ्या. ओहायो स्टेट या त्याच्या कॉलेजला उत्तम रिसीव्हर (पास झेलणारे) आणि भक्कम लाइन (क्वार्टरबॅकभोवती ‘पॉकेट’ नावाची सुरक्षित जागा राखणारी फळी) होती, त्यामुळे ‘पॉकेट मोडलं की हा काय करणार?’ हा प्रश्न त्याच्याबाबत शेवटपर्यंत होता. २०२२च्या ३१ डिसेंबरला जॉर्जियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात त्याचं उत्तर मिळालं. ३४ पैकी २३ पास पूर्ण, ३४८ यार्ड, ४ टचडाउन (चेंडू मैदानाच्या शेवटच्या पट्ट्यात पोचवणं), आणि पॉकेटबाहेर पळत पळत फेकलेले पास. सामना ४२-४१ असा हातचा गेला. पण तो एक सामना नीट बघितलेल्याला, पुढे ड्राफ्टच्या तोंडावर फुटलेल्या त्याच्या आकलन-चाचणीच्या कमी गुणांची धास्ती वाटायचं कारण नव्हतं. ह्यूस्टनने त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं आणि पहिल्याच हंगामात तो आक्रमणातला सर्वोत्तम नवोदित ठरला.

आता वजाबाकी. पास पूर्ण होण्याची टक्केवारी हा सगळ्यात जास्त फसवणारा आकडा आहे. मनाने दोन पोरं घेऊ. पहिल्याने ४० पैकी २८ पास पूर्ण केले, म्हणजे ७० टक्के. दुसऱ्याने ४० पैकी २४, म्हणजे ६०. पेपरात पहिल्याचा फोटो येतो. आता वही काढा. पहिल्याचे १२ पास स्क्रीन होते, म्हणजे चेंडू डाव सुरू होतो त्या रेषेच्या मागेच रिसीव्हरच्या हातात ठेवलेला, आणि बाराच्या बारा पूर्ण. ते वजा केले की उरतात २८ पैकी १६, म्हणजे ५७ टक्के. दुसऱ्याचे स्क्रीन फक्त ३, तिन्ही पूर्ण. शिवाय ३ चेंडू त्याने दबाव आला म्हणून मुद्दाम सीमारेषेबाहेर टाकले, ते मोजायचेच नाहीत. आणि ४ अचूक चेंडू रिसीव्हरने हातातून सोडले, ते त्याच्या बाजूने मोजायचे. हिशेब होतो ३४ पैकी २५, म्हणजे ७३ टक्क्यांच्या वर. एका सामन्यात चित्र पालटलं. पाच सामन्यांचं असं केलं की पोराच्या हातात खरं काय आहे आणि कोचच्या आखणीने त्याला काय वाढून दिलं, हे वेगळं दिसायला लागतं.

आरपीओचे (रन-पास ऑप्शन) पासही वेगळ्या रकान्यात टाका. धावेचा डाव लावायचा आणि एका बचावपटूची हालचाल बघून ऐनवेळी पास टाकायचा, असा हा प्रकार. कॉलेजच्या नियमात लाइनमनला पास हवेत जाईपर्यंत ३ यार्ड पुढे जायची मुभा आहे, एनएफएलमध्ये फक्त १ यार्ड. त्या दोन यार्डांमुळे कॉलेजात बचावपटूला हा डाव धावेचा की पासचा हे शेवटपर्यंत कळत नाही, आणि मधली जागा आयती मोकळी मिळते. वर गेल्यावर ती जागा आकसते. ज्या पोराचे निम्मे चांगले पास याच रकान्यात निघतात, त्याला पॉकेटमध्ये उभं राहून दुसरा-तिसरा पर्याय शोधता येतो का, याचा पुरावा मुळात गोळाच झालेला नसतो. ते वाईट लक्षण नाही, पण पुरावा नसताना गुण देऊ नयेत.

हाताच्या ताकदीबद्दल एकच पास बघा, मैदानाच्या दुसऱ्या टोकाचा आउट, म्हणजे सरळ धावून सीमारेषेकडे वळणाऱ्या रिसीव्हरला दिलेला पास. मैदानाची रुंदी १६० फूट. कॉलेजात हॅश मार्क (ज्या दोन खुणांच्या दरम्यान प्रत्येक डाव सुरू होतो त्या) एकमेकांपासून ४० फुटांवर, एनएफएलमध्ये साडेअठरा फुटांवर. कॉलेजात डाव्या हॅशवरून उजव्या सीमारेषेकडे १५ यार्डांचा आउट टाकायचा, तर क्वार्टरबॅक ७ यार्ड मागे गेलेला असतो. उभं अंतर झालं २२, आडवं साधारण ३१, आणि तिरकं धरलं तर चेंडू हवेत ३८ यार्ड जातो. म्हणजे क्रिकेटची खेळपट्टी पावणेदोन वेळा. हा चेंडू सपाट गेला पाहिजे. मधे उंच लोंबला तर कॉर्नर (रिसीव्हरवर पहारा ठेवणारा बचावपटू) पुढे येऊन उचलतो आणि समोर सगळं मैदान मोकळं असतं. एनएफएलमध्ये हाच पास साधारण ३५ यार्डांचा होतो, म्हणून कॉलेजात तो बिनतक्रार टाकणाऱ्याच्या हाताची चिंता मिटली. ६०-७० यार्ड लांब फेकलेल्या चेंडूचे व्हिडिओ सोडून द्या, सामन्यात तसा पास क्वचितच लागतो.

पण ताकदीपेक्षा कितीतरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे चेंडू हातातून कधी सुटतो, आणि ती मोबाइलवरसुद्धा तपासता येते. १५ यार्डांचा डिग बघा: रिसीव्हर सरळ धावतो आणि १५ यार्डांवर काटकोनात आत वळतो. चेंडू हातातून सुटला की त्याच क्षणी व्हिडिओ थांबवा आणि रिसीव्हरची कंबर बघा. तो अजून सरळ धावत असेल तर २ गुण. वळण्यासाठी पाय रोवत असेल तर १. वळून हात दाखवत असेल तर ०, मग पास पूर्ण होऊन टाळ्या पडल्या असल्या तरी ०. कारण साधं आहे. २५ यार्डांचा चेंडू हवेत सुमारे एक सेकंद असतो. एनएफएलचा कॉर्नर सेकंदाला सात-आठ यार्ड कापतो. अर्धा सेकंद उशीर म्हणजे साडेतीन-चार यार्ड, आणि एनएफएलमध्ये ‘मोकळा’ रिसीव्हर त्याहून कमी मोकळा असतो. कॉलेजात रिसीव्हर मोकळा झालेला बघून पास टाकता येतो. वर तो मोकळा होणार आहे हे आधी ओळखून टाकावा लागतो. दहा डिग, दहा आउट, दहा कमबॅक (पुढे धावून मागे फिरणाऱ्या रिसीव्हरला दिलेले) असे तीस पास या पद्धतीने मोजले की पोराचा कस कळतो.

त्याच वेळी पाय बघा. शॉटगनमधून (क्वार्टरबॅक आधीच थोडा मागे उभा असतो ती रचना) तीन पावलं मागे, शेवटचा पाय रोवला की पहिला पर्याय. तो बंद असेल तर पुढे एक छोटी उडी, दुसरा पर्याय. परत पाय जुळवून तिसरा. पाय हे क्वार्टरबॅकचं घड्याळ आहे, नजर कॅमेऱ्यात दिसली नाही तरी पाय दिसतात. ते खांद्याच्या रुंदीवर शांत राहिले तर डोकं चालू आहे. जागच्या जागी नाचायला लागले तर समजावं, पोराला समोर काय चाललंय ते उमगलेलं नाही. अचूकता बिघडते तीही बहुतेक वेळा पायातून. उजव्या हाताने फेकणाऱ्याचा डावा पाय लक्ष्याच्या फार डावीकडे पडला की कंबर आधीच उघडते आणि चेंडू उंच जातो. पाय आडवा पडला की कंबर अडते आणि चेंडू रिसीव्हरच्या मागे पडतो. असा दोष शिकवून जातो. पाय बरोबर असूनही चेंडू इकडेतिकडे जात असेल, तर तो दोष सहसा जात नाही.

टीव्हीवरच्या प्रक्षेपणात एक मर्यादा लक्षात ठेवा. स्नॅपनंतर, म्हणजे चेंडू मागे क्वार्टरबॅककडे देऊन डाव सुरू झाल्यावर, कॅमेरा चेंडूच्या मागे जातो आणि खोल उभे असलेले सेफ्टी (सगळ्यात मागचे बचावपटू) चौकटीबाहेर राहतात. म्हणून ‘त्याने मोकळा रिसीव्हर सोडला’ असं छातीठोक म्हणायचं ते फक्त मागच्या कोनातून रिप्ले दाखवला तरच. बाकी वेळी वेळ, पाय आणि चेंडू कुठे पडला एवढंच लिहावं. स्नॅपआधी मात्र थांबवून सेफ्टी मोजता येतात: खोल एक की दोन, आणि स्नॅपनंतर एकाचे दोन झाले का. असा वेश बदलणाऱ्या बचावासमोर पोरगा घाईने आधीच ठरवलेला पास टाकतो का, ते वेगळं टिपा.

आता दबाव. लाइन मोडून बचावपटू अंगावर आला, असं किती वेळा झालं आणि त्यांतल्या किती वेळा सॅक झाला (चेंडू हातात असतानाच क्वार्टरबॅक पाडला गेला), हा भागाकार करा. १५ टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम, २०च्या वर सावध, २५च्या वर तर मोठा लाल शेरा. दबाव लाइनमुळे येतो, पण त्याचा सॅक होणं बऱ्याच अंशी क्वार्टरबॅकच्या हातात असतं, आणि ही सवय कॉलेजातून वर जाताना सहसा सुटत नाही. केलेब विल्यम्स यूएससी या कॉलेजात चेंडू हातात ठेवून जादू शोधायचा. २०२४मध्ये शिकागोने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं आणि पहिल्याच हंगामात तो ६८ वेळा सॅक झाला. लाइन कच्ची होती हे खरं, तरी सगळा दोष लाइनचा नव्हता. स्टॉपवॉच लावा. स्नॅपपासून अडीच सेकंदांत चेंडू सुटणं ही सर्वसाधारण लय, तीन सेकंदांपुढे गेलेला प्रत्येक प्रयत्न खुणेने लिहा आणि शेवट काय झाला ते बघा.

इंडियानापोलिसच्या कम्बाइनमधल्या, म्हणजे ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचण्यांतल्या, मापांवर फार वेळ घालवू नये. पंजा ९ इंचांच्या खाली असला तर ओल्या चेंडूची शंका घेतात. क्वार्टरबॅक जो बरो याचा बरोबर ९ भरला होता, त्याचं काही अडलं नाही. केनी पिकेटचा साडेआठ भरला, पण त्याच्या अडचणींचं मूळ बचावाचं वाचन आणि पॉकेटमधली चुळबुळ हे होतं. पुढे सगळ्यात यशस्वी क्वार्टरबॅक ठरलेल्या टॉम ब्रेडीला ४० यार्ड धावायला ५.२८ सेकंद लागली, आणि तो २०००मध्ये १९९व्या क्रमांकावर गेला. उंचीचं मात्र थोडं खरं आहे. पावणेसहा फुटांच्या आसपासच्या पोराला मधल्या पट्ट्यात दिसावं म्हणून पॉकेट सोडून बाजूला सरकावं लागतं, तेव्हा त्याचे मधले पास वेगळे मोजावेत.

किती सामन्यांत तो सुरुवातीपासून खेळला, हे मात्र जरूर बघा. मिच ट्रुबिस्की १३ सामने, अँथनी रिचर्डसन १३, ट्रे लान्स १७. तिघेही पहिल्या चारांत गेले, तिघांनाही घेणाऱ्या संघाकडे पहिल्या क्वार्टरबॅकची जागा टिकवता आली नाही. उलट बो निक्सच्या नावावर ६१ सामने होते, त्यामुळे डेन्व्हरला अंदाज बांधायला भरपूर साहित्य मिळालं. पण इथे वय आडवं येतं. कोविडमुळे मिळालेलं जादा वर्ष आणि कॉलेज बदलायची मोकळीक यामुळे गेल्या काही वर्षांत २३-२४ वर्षांचे क्वार्टरबॅक १९ वर्षांच्या कॉर्नरसमोर खेळले. म्हणून शेवटच्या हंगामाचे आकडे दिपवणारे असले, तरी विसाव्या-एकविसाव्या वर्षी तो काय करत होता ते काढून बघा. झेप दिसली तर ती कोच बदलल्याने, रिसीव्हर बदलल्याने, की खरंच वाचन सुधारल्याने, हे डिगच्या गुणांवरून कळतं.

जॉश अ‍ॅलनचं नाव इथे कुणीतरी काढणारच. वायोमिंगमध्ये त्याची टक्केवारी ५६च्या आसपास, एनएफएलमध्ये बफेलोत पहिल्या हंगामात ५२.८, आणि २०२०मध्ये ६९.२. हे घडलं, पण त्यामागे पाय आणि कंबरेची पूर्ण दुरुस्ती, धीर धरणारा संघ आणि त्याच वर्षी आलेला रिसीव्हर स्टेफॉन डिग्ज होता. प्रत्येक नेम चुकणाऱ्या धिप्पाड पोराला अ‍ॅलन समजून पहिल्या पाचांत घेणाऱ्या संघांनी या तीन गोष्टी मोजल्या नाहीत.

आणि पोरगा पडतो कुठे, ते. सॅम डार्नल्ड २०१८मध्ये न्यूयॉर्क जेट्सकडे तिसऱ्या क्रमांकावर गेला आणि वाया गेलेला म्हणून गणला गेला. २०२४मध्ये मिनेसोटात तोच १४ सामने जिंकला. कॅन्सस सिटीचा पॅट्रिक महोम्स २०१७च्या ड्राफ्टमध्ये दहावा होता, पहिलं वर्ष अ‍ॅलेक्स स्मिथच्या मागे बसून शिकला आणि दुसऱ्या वर्षी ५० टचडाउन टाकून एमव्हीपी (हंगामातला सर्वोत्तम खेळाडू) झाला. म्हणून वहीत शेवटचे दोन रकाने ठेवावेत. एक पोराच्या गुणांचा, ड्राफ्टच्या आधल्या रात्रीच भरून टाकायचा. दुसरा संघाचा: लाइन कशी आहे, डाव लावणारा कोच टिकणार का, पहिल्या वर्षी बसवून ठेवायला कुणी जुना आहे का. तो पहाटे नाव पुकारल्यावर भरायचा, आणि पहिल्या रकान्याला हात लावायचा नाही.

पुढच्या मोसमासाठी वेळा लिहून ठेवा: कॉलेजचे सामने शनिवारी. तिकडच्या पूर्व किनाऱ्याच्या दुपारी १२चा सामना आपल्याकडे रात्री साडेनऊला, साडेतीनचा मध्यरात्रीनंतर १ला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं मागे गेली की दोन्हींत एकेक तास मिळवायचा.