वृद्धसेवा केंद्रात पडण्याच्या नोंदी सुरू करताना: माझा अनुभव

केंद्रात सुरक्षेचं काम हाती घेतलं तेव्हा नोंदवही जवळजवळ कोरी होती. आजी-आजोबा पडत होते, पण कागदावर कुणी पडत नव्हतं. पडल्याचं सांगितलं की मावशीचा पगार कापला जायचा, मग सांगणार कोण? म्हणून व्यवस्थापनाकडून आधी लेखी घेतलं, की नोंद केली म्हणून कुणालाही दंड होणार नाही. मारहाण आणि मुद्दाम केलेली हेळसांड याला अर्थातच माफी नाही.

फॉर्म एक पानी केला. ‘चूक कोणाची’ हा रकाना काढून वेळ, जागा, पायात काय होतं, दिवा लागलेला होता का, शेवटची गोळी कोणती आणि कधी, आणि माणूस काय करायला उठला होता, एवढंच विचारलं. लिहिता येत नसेल तर मावशींनी सांगायचं, सिस्टरनी लिहायचं. पडता पडता सावरले, त्याचीही नोंद.

सगळ्यात जास्त शिकवलं ‘काय करायला उठले’ या रकान्याने. बहुतेक वेळा उत्तर एकच: लघवीला, तेही पहाटे. संध्याकाळी दिलेली लघवीची गोळी, वर झोपेची गोळी, अंधार आणि झिजलेली स्लिपर. नोंदी पाहून डॉक्टरांनी लघवीची गोळी सकाळवर आणली (अशा वेळा आपल्या मनाने बदलू नयेत). रात्रपाळीने झोपण्याआधी आणि पहाटे स्वतःहून बाथरूमचं विचारायचं, असं ठरलं. काठावर बसल्यावर पावलं पूर्ण टेकतील इतकीच पलंगाची उंची ठेवली. चक्कर येणाऱ्यांना पाच मिनिटं आडवं ठेवून बीपी घ्यायचं, मग उभं केल्यावर 1 आणि 3 मिनिटांनी पुन्हा घ्यायचं. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर डॉक्टरांना कळवायचं.

पडलेल्या माणसाला बखोट धरून उठवण्याची घाई फार घातक. आधी शुद्ध, डोकं, मान, कंबर बघा. एक पाय आखूड दिसत असेल आणि बाहेर वळला असेल तर खुब्याचं हाड मोडल्याची शंका धरा, हलवू नका, ॲम्ब्युलन्स बोलवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल आणि डोक्याला मार लागला असेल तर माणूस ठणठणीत बोलत असला तरी रुग्णालयात न्यायलाच हवं.

नातेवाईक पलंगाला कठडे लावा म्हणतात. गोंधळलेली व्यक्ती कठड्यावरून चढते आणि जास्त उंचीवरून पडते, हे त्यांना शांतपणे समजावावं लागतं.

सुरुवातीला नोंदी वाढतात. विश्वस्तांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर पडणंच वाढलं असं वाटून ते नोंदवही बंद करायला निघतील. दुसरा धोका मावशींच्या बाजूने असतो: बाथरूमचा दांडा हलतोय असं सांगूनही तो तसाच राहिला, तर पुढच्या वेळी त्या सांगत नाहीत. म्हणून प्रत्येक नोंदीसमोर ‘काय केलं, कोणी, कोणत्या तारखेला’ हा रकाना ठेवलाय, आणि ड्युटी बदलताना तो सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला जातो.