दिल्ली दरवाज्यात अर्धा तास

शाळेच्या सहलीपासून शनिवारवाड्याला कितीदा गेले असेन, पण दिल्ली दरवाज्याशी कधी थांबले नव्हते. तिकीट काढायचं, आत शिरायचं आणि जळून गेलेल्या वाड्याची जोती बघत हिंडायचं. गेल्या महिन्यात सासऱ्यांना घेऊन गेले. अण्णांनी सगळी हयात सुतारकामात घालवली. मी पुढे जाऊन मागे वळले, तर ते दारातच उभे राहून खिळे मोजत होते.

"बहात्तर भरले गं. एका झडपेवर."

एकेक खिळा फूटभर लांब, अणकुचीदार. हत्तीला धडक द्यायला लावून दार फोडायची तेव्हाची रीत, म्हणून ही टोकं त्याच्या कपाळाच्या उंचीला. अण्णांची नजर मात्र लोखंडी आडपट्ट्यांवर होती. "खिळे हत्तीसाठी, पट्ट्या फळ्यांसाठी. एवढं जड दार पट्टीवाचून झोळ खाईल." उजव्या झडपेत माणसापुरती दिंडी आहे, रोजची ये-जा तिच्यातूनच. दोन्ही झडपा उघडल्या की अंबारीसकट हत्ती आत यावा, एवढी या दाराची उंची.

बाजीरावांनी १० जानेवारी १७३० ला वाड्याचा पाया घातला आणि २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत केली. दोन्ही शनिवार. खर्च आला १६,११० रुपये. तट, बुरूज, दरवाजे हे काम मात्र मागाहून झालं, ते नानासाहेबांच्या काळात पुरं झालं. या दाराचं तोंड उत्तरेला, दिल्लीच्या दिशेला, म्हणून हे नाव. शाहू महाराजांना ते रुचलं नव्हतं, बादशहाचा तो अवमान होईल म्हणून त्यांनी काम थांबवलं, अशी हकीकत पुण्यात सांगतात. खरी असो नसो, दारासमोर उभं राहिलं की पटते. एवढ्या मोठ्या दाराने उत्तरेकडे तोंड करून उभं राहणं म्हणजे काहीतरी बोलणंच झालं.

आत पाऊल टाकलं की वाट सरळ जात नाही. आधी उजवीकडे, लगेच डावीकडे. दार फुटलंच तरी शत्रूला मुसंडी मारून आत घुसता येऊ नये म्हणून हे वळण. आम्ही दोघं ते तीनदा चाललो. लोक आमच्या बाजूने भराभर आत जात होते, आणि मला प्रत्येकाला थांबवावंसं वाटत होतं. आत जोती आहेत, कारंजी आहेत, पण २७ फेब्रुवारी १८२८ ला लागलेल्या आगीत मजले सगळे गेले. पेशव्यांच्या वेळचं उभं काम बघायचं तर ते इथे, या दारात, आणि त्याच्या माथ्यावरच्या नगारखान्यात.

नगारखान्याच्या पायऱ्या उंच आहेत. अण्णा कठड्याला धरून, दोनदा दम खात चढले. वर लाकडी खांब, त्यांच्यामधून खाली बाजीरावांचा घोड्यावरचा पुतळा आणि रस्त्यावरची गर्दी. मी फोटो काढत होते. अण्णांचं तिकडे लक्षच नव्हतं. वाड्याचा साग जुन्नरच्या रानातला, असं मी सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सारला, खांबावर तळहात टेकला आणि लाकडाच्या रेषेरेषेने सावकाश खाली नेला.

"सांधा बघ," ते म्हणाले. "नख शिरत नाही अजून."

मग त्यांनी माझा हात धरून तिथे ठेवला.