दफनाच्या वहीतलं नाव

आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांत, सुगीच्या सणाच्या लिलावात कोंबडीपेक्षा अंडं महाग जातं. कोंबडी एकदा विकली की संपलं. अंडं घेणारा मात्र पैसे भरून ते पुन्हा टेबलावर आणून ठेवतो, पुन्हा बोली लागते, आणि चार हातांतून फिरेपर्यंत त्या एका अंड्याचे सातशे-आठशे रुपये झालेले असतात. शेवटी ते कुणाच्या तरी पोराच्या हातात फुटतं. जत तालुक्याच्या पूर्वेला, कर्नाटकच्या हद्दीजवळ, तीसेक घरांची ही मंडळी. वर्षाच्या खर्चातला मोठा वाटा या एका रविवारी जमतो. त्यामुळं फेब्रुवारीत शाळूची काढणी सुरू झाली की मंडळीचे वडील, म्हणजे तिचा कारभार बघणारी जाणती माणसं, आधी सणाची तारीख ठरवतात.

मी या मंडळीची पाळकीणबाई, म्हणजे पाळकाची बायको. नेमणुकीचा कागद यांच्या नावानं आहे, माझ्या नावानं काही नाही. तरी अर्पणाचे पैसे मोजणं, बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या आणि दफनाच्या वह्या सांभाळणं, संडे स्कूल, आजाऱ्यांच्या भेटी हे माझ्याकडं कधी आलं ते मलाही कळलं नाही.

हे आधी वाळवा भागातल्या एका साखर कारखान्यात अकाउंट्सला होते. कायमची नोकरी, राहायला क्वार्टर. रविवारी जवळपासच्या खेड्यांतून उपदेशाला जायचे, तेवढ्यावर मी खूश होते. चाळिशीला आल्यावर एका रात्री कुटुंबप्रार्थना झाल्यावर म्हणाले, आता पूर्णवेळ सेवेत जायचं. पाचारण झालंय. माझ्या सासूबाई पहाटे चारला उठून गुडघ्यावर बसणाऱ्या. मला वाटलं, त्यांना आनंद होईल. त्या म्हणाल्या, "देवाला तूच सापडलास व्हय? ज्याला नोकरी न्हाय असलं कोण नव्हतं?" पुढचे आठ दिवस त्या यांच्याशी बोलल्या नाहीत. रोज प्रार्थनेत मात्र मोठ्यानं यांचं नाव घ्यायच्या, हे ऐकतील अशा बेतानं.

पुण्याला बिबवेवाडीच्या सेमिनरीत, म्हणजे पाळकांच्या शिक्षणसंस्थेत, हे शिकायला गेले. ही सेमिनरी पूर्वी यवतमाळला होती, १९८३ ला पुण्यात आली. माझे मामा यवतमाळच्या दिवसांतले. त्यांनी यांना एकच सल्ला दिला : ग्रीक भाषेला घाबरू नका, घरच्या हिशेबाला घाबरा. तो हिशेब माझ्याकडं होता. मी मिरजेत एका खासगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स होते. यांचा प्रॉव्हिडंट फंड आणि माझ्या नाइट ड्युट्या यांवर ती वर्षं निघाली. यांनी नोकरी सोडल्याची साक्ष दिली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्या टाळ्या मला त्या दिवशीही जरा जास्तच वाटल्या होत्या. पुढं ज्या दिवसाबद्दल सांगणार आहे त्या दिवशी तर त्या फारच आठवल्या.

दीक्षाविधी झाला आणि नेमणूक इथं आली. चर्चच्या मागं पत्र्याच्या दोन खोल्या. म्हैसाळ योजनेचं पाणी तालुक्यात आलंय, पण आमच्या वस्तीपर्यंत पोचलेलं नाही, उन्हाळ्यात टँकरच. मंडळी मानधन देते, शिवाय ज्वारी आणि शेंगा. आठवड्यातले तीन दिवस मी बाजाराच्या गावी एका डॉक्टरांच्या दवाखान्यात जाते, त्यावर मुलांच्या फिया निघतात. मुलगी नववीत. आल्यावर पहिल्याच महिन्यात तिनं विचारलं, "मम्मी, आपल्या घराला दार आहे की नाही?" कारण सकाळी सहाला कुणीतरी चुलीसमोर येऊन बसलेलं असायचं. कुणाची सून माहेरी गेलेली, कुणाला रेशनकार्डावर सही हवी, कुणाला नुसताच चहा. मुलगा लहान आहे, त्याला हे फार आवडतं. मुलीला अजून आवडलेलं नाही, आणि मी तिला आवडून घे म्हणत नाही.

तर २०२५ च्या सुगीचा तो रविवार. उपासना झाली आणि हे मोटरसायकलवरून दुसऱ्या गावी प्रभुभोजनाला गेले. आमच्या पास्टरेटमध्ये, म्हणजे एका पाळकाच्या हद्दीत, पाच गावं आहेत. लिलाव वडिलांनी करायचा, मी टेबलाशी वही घेऊन बसायचं. शाळूच्या कणसांच्या पेंढ्या, भोपळे, बेदाण्याची पिशवी, पाय बांधलेला एक कोंबडा. वडिलांतले आण्णा बोली पुकारत होते, "एकवार, दोनवार...", एवढ्यात वस्तीवरचं पोरगं धापा टाकत आलं. म्हणालं, आबा गेले.

हे आबा उपासनेला आत कधी बसले नाहीत. त्यांची बायको, जिला सगळी अक्का म्हणतात, दर रविवारी शेवटच्या रांगेत. आबा बाहेर लिंबाखाली, पाठ भिंतीला लावून. गाणं सुरू झालं की मांडीवर बोटांनी ठेका धरायचे. तरुणपणी हलगी वाजवायचे, तालुक्यात नाव होतं. एकदा मी म्हटलं, आबा, आत या की. म्हणाले, "हितनं बी ऐकू येतंय बाई."

मी वही आण्णांकडं दिली आणि गेले. आण्णांनी विचारलं, लिलाव थांबवायचा का? मी म्हटलं, वडिलांनी ठरवा. त्यांनी थांबवला, आणि कोंबडा तसाच टेबलाच्या पायाला बांधलेला राहिला.

घरात बायका जमल्या होत्या, पण कुणी हात लावत नव्हतं. माझी आजी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात आया होती. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या त्या हॉस्पिटलानं आमच्यासारख्या कितीतरी ख्रिस्ती घरांना पांढरा युनिफॉर्म आणि महिन्याचा पगार दिला. मीही नर्सिंग तिथंच शिकले. गेलेल्या माणसाचं काय करायचं ते हातांना पाठ आहे. अंग कडक व्हायच्या आत डोळे मिटायचे, हनुवटीखालून पट्टी बांधायची, हातपाय सरळ करायचे, नाकात कापूस. सुनेला गरम पाणी ठेवायला लावलं. आबांचे तळहात त्या वयातही घट्टे पडलेले होते.

आंघोळ घालून झाल्यावर एक म्हातारी म्हणाली, पाळकसाहेब न्हाईत, मग प्रार्थना कोण करणार? अक्कानं माझ्याकडं बघितलं. "ही हाय की." मग मी तेविसावं स्तोत्र म्हटलं, "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही", आणि प्रार्थना केली. माझं मराठीत चाललेलं असताना अक्काचं शेजारी कन्नडमध्ये चाललं होतं. मला त्यातलं येसुस्वामी एवढंच कळलं.

दुपारी आबांचा मुलगा सांगलीहून गाडी घेऊन आला. सरकारी कचेरीत आहे, बायको-मुलांसह तिकडंच राहतो. बापाजवळ बराच वेळ बसला. मला वाटलं, आता भावकीत वाद होईल. तो झाला नाही. त्यांच्या भावकीत पुरतातच, त्यामुळं जाळायचं की पुरायचं हा प्रश्नच नव्हता. जागाही घरच्या शेतात बांधाकडेला ठरली. मग त्यानं मला गोठ्याकडं बोलावलं.

"ताई, काय करायचं ते सगळं करा. प्रार्थना करा, गाणी म्हणा. आईला पायजे तसं. फक्त तुमच्या वहीत नाव लिहू नका."

मी विचारलं, का? त्यानं मोबाइल काढला. बातमी जपून ठेवलेली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुदुच्चेरीच्या एका बाईचा अनुसूचित जातीच्या दाखल्याचा दावा फेटाळला, कारण तिचा बाप्तिस्मा झाला होता आणि ती चर्चला जात होती. "माझी नोकरी दाखल्यावर हाय. पोरगी बारावीला हाय, तिची पडताळणी व्हायचीय."

हे ज्यांच्या घरात नाही त्यांना सांगायला हवं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असला पाहिजे असं ठरलं. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर आहेत. गावानं ज्याला वेशीबाहेर ठेवलं तो बाप्तिस्मा घेतल्यावर वेशीच्या आत आला असं काही होत नाही, पण कागदावर त्याची जात जाते. म्हणून आमच्या रांगांत बसणाऱ्या कितीतरी माणसांची नावं शाळेच्या दाखल्यावर एक आणि प्रार्थनेत दुसरी असतात. शहरातले काही विश्वासू याला भित्रेपणा म्हणतात. त्यातल्या बहुतेकांना दाखल्याची गरज कधी पडलेली नसते.

मी त्याला सांगितलं, साहेब आल्यावर बोलू.

हे पाचच्या सुमारास आले. गोठ्याशी उभ्याउभ्याच बोलणं झालं. हे ऐकून घेतात, पण वहीचा विषय निघाला की यांच्यातला कारखान्यातला अकाउंटंट जागा होतो. "जे झालं ते लिहावं लागतं. उद्या तुमच्या आईनंच दाखला मागितला तर मी काय देऊ?" तो म्हणाला, "तुम्ही नोकरी सोडलीत साहेब, तुमचं मन मोठं. माझ्यानं ते व्हायचं न्हाय." टोमणा नव्हता. मला मात्र यांच्याकडं बघवेना. आम्ही नोकरी सोडली तेव्हा घरात दुसरा पगार होता, तो माझा. त्याच्या घरी दुसरा पगार नव्हता.

खड्डा खणायला वेळ लागला. हातभर मातीखाली मुरूम लागला, पहारी वाजायला लागल्या. पेटी मिळाली नाही, पांढऱ्या कापडात गुंडाळून तिरडीवरच नेलं. लिलावाचे सगळे लोक आले होते. गावातलं भजनी मंडळही आलं, आबांच्या हलगीमुळं ओळख होती. आमच्या लोकांनी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं एक भजन धरलं. टिळक शेवटची वर्षं साताऱ्यात होते, तिथंच १९१७ मध्ये त्यांनी 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा संघ सुरू केला, आणि ख्रिस्ताचं गाणं अभंगात बसवून त्यांनी आमच्यासारख्यांवर केवढे उपकार केलेत ते अशा वेळी कळतं. चाल ओळखीची निघाल्यावर भजनी मंडळातल्या दोघांनी टाळ घेऊन साथ धरली. शब्द येत नव्हते तिथं नुसता ठेका. यांनी "मातीला माती" म्हटलं, मुलानं पहिली मूठ टाकली. टाकताना त्याचे ओठ हलत होते.

रात्री मुलं झोपल्यावर मी कपाटातून दफनाची वही काढली. तिच्याखाली बाप्तिस्म्याची जुनी वही होती, कसर लागलेली. काय मनात आलं कुणास ठाऊक, चाळायला लागले. १९६८ च्या पानावर आबा आणि अक्का, दोघांचे अंगठे, व्यवसायाच्या रकान्यात 'हलगी'. आणि १९८१ च्या पानावर त्यांचा मुलगा, वय दोन महिने. बाप्तिस्म्याचं नाव शास्त्रातलं, तो ज्या नावानं नोकरी करतो ते नव्हे.

मी वही यांच्यापुढं ठेवली. हे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग दफनाच्या वहीत आबांची नोंद केली, त्यांच्या नेहमीच्या अक्षरात, एकही शब्द कमी न करता. मी चिडले. म्हटलं, एवढी काय घाई होती? हे म्हणाले, "आबांनी अंगठा दिलाय. तो मी कसा पुसू?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, पण राग गेला नाही. दुसऱ्या दिवशीही भाजी वाढताना मी गप्पच होते.

मुलाला सांगायचं की नाही यावर आमचं दोन दिवस चाललं. शेवटी मीच फोन केला. वही त्याच्याबद्दल होती, त्याला न सांगता आम्ही ती कुलपात ठेवून बसणं मला पटेना. तो पलीकडं गप्प. मग विचारलं, "पान कितवं?"

महिन्याभरानं शनिवारी तो आईला घेऊन आला. मी पान उघडून दिलं. त्यानं बापाच्या अंगठ्यावर बोट ठेवलं, मग १९८१ ची ओळ दोनदा वाचली. "या नावानं मला कुणी हाक मारलेली न्हाय." अक्का खाली भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "मी रोज प्रार्थनेत तेच नाव घेती."

त्यानं पान फाडायला मागितलं नाही. त्याला कशाची भीती वाटते ते मात्र त्यानं पुन्हा सांगितलं, आणि यांनीही सांगितलं की वही मागितल्याशिवाय कुणाला दाखवायचं आम्हाला कारण नाही. कायद्याच्या पुढं हे आश्वासन किती टिकेल ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. चहा झाला. सणात राहिलेला कोंबडा पुढच्या रविवारी विकला गेला होता, त्याचे पैसे आबांच्या नावानं जमा केलेत असं मी अक्काला सांगितलं. तिनं विचारलं, कितीला गेला? मी आकडा सांगितला. म्हणाली, स्वस्तात दिला की.

आता थडग्यावर दगड बसवायचा आहे. अक्काला त्यावर क्रूस हवा आहे. मुलगा म्हणतो, नाव आणि तारीख पुरे. रस्त्यावरून दिसतं. दोघांनीही यांना विचारलं. हे म्हणाले, वही मंडळीची आहे, दगड तुमचा. मिरजेच्या पाथरवटाकडं दगड घडवून तयार आहे, वरची जागा कोरी ठेवायला सांगितली आहे.