चिमटीत मावणारं सील

गाडी घेतली तेव्हा ती नऊ वर्षांची होती, ९४ हजार किलोमीटर चाललेली, आणि मी तिचा चौथा मालक. आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन, हवेवरचं सस्पेन्शन, दार लावलं की तिजोरी मिटल्यासारखा आवाज. नवी असतानाच्या किमतीच्या जेमतेम पाचव्या हिश्श्यात मिळाली. माझा हिशेब साधा होता: इतकी घसरलीच आहे, तर आता आणखी किती घसरेल?

घसरते ती गाडीची किंमत. स्पेअर पार्टची नाही. ब्रेकच्या डिस्कला थोडंच ठाऊक असतं, की आपण चौथ्या मालकाच्या गाडीला लागणार आहोत!

पहिलं वर्ष बरं गेलं. मग एका सकाळी कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, पातळी खाली दिसली. भर घातली. दोन आठवड्यांनी पुन्हा तेच, आणि जमिनीवर डाग म्हणून नाही. शेवटी मेकॅनिकनं टॉर्च मारून अल्टरनेटरच्या मागचं एक बारीक भोक दाखवलं. तिथून थेंब झिरपायचा आणि गरम इंजिनवर वाफ होऊन जायचा. ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, आतली गळती बाहेर कळावी म्हणून. आत म्हणजे सिलिंडरच्या दोन रांगांमधल्या दरीत. इंजिनला हवा पुरवणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डच्या खालून कूलंट नेणारा एक पाइप तिथं असतो. त्याच्या पुढच्या टोकाचं रबरी सील उष्णतेनं कडक होऊन गेलं होतं.

सील चिमटीत मावेल एवढं. पण ते बदलायला सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे टायमिंग कव्हर, म्हणजे इंजिनच्या पुढचं टायमिंग चेनवरचं झाकण, काढायचं, त्याच्यासाठी आधी पुढचं सगळं सामान उतरवायचं, वरची कव्हरं काढायची... मेकॅनिक एकेक बोट दुमडत होता आणि मी त्या बोटांकडे बघत होतो. "साहेब, सील मी फुकट देतो," तो म्हणाला. "पैसे तिथपर्यंत पोचायचे."

त्यानं सांगितलेला आकडा गाडीला मोजलेल्या किमतीच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास होता. नशिबानं या दुखण्यावर एक पळवाट निघालेली आहे. जुना पाइप दरीतच कापून काढतात आणि लांबी कमीजास्त होणारा नवा पाइप आखडून आत घालून जागेवर ताणून बसवतात. टायमिंग कव्हरला हात लावावा लागत नाही. मजुरी निम्म्याहून खाली आली. मॅनिफोल्ड उघडलेलंच होतं, म्हणून इंजिनातली ठोक ओळखणारे नॉक सेन्सर आणि ठिसूळ झालेले व्हॅक्यूमचे पाइपही त्याच वेळी बदलले. ते तसे चालू होते. पण पुन्हा तिथवर जायची माझी तयारी नव्हती.

तेव्हापासून या महागड्या जातीच्या गाड्यांचे नावाजलेले आजार मी याच नजरेनं वाचतो: भाग कितीचा ते नाही, तिथपर्यंत पोचायला किती लागतं. ऑडीच्या बी-६ आणि बी-७ पिढीच्या एस-४ मधल्या ४.२ लिटर व्ही-८ ला व्हॉल्व्ह वेळेवर उघडबंद करणाऱ्या टायमिंग चेन मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहेत. चेनचे गाइड प्लास्टिकचे. ते झिजले की थंड इंजिन सुरू करताना खडखड ऐकू येते, आणि बदलायला सहसा अख्खं इंजिनच बाहेर काढतात. याउलट पोर्शेच्या ९९६ पिढीच्या साध्या ९११ मधलं बदनाम आयएमएस बेअरिंग, म्हणजे इंजिनातल्या इंटरमीडिएट शाफ्टला आधार देणारं. ते फुटलं तर इंजिन गेलंच. पण क्लच बदलायला गिअरबॉक्स उतरवला की ते समोर येतं, म्हणून शहाणे लोक क्लचच्या कामातच ते उरकतात. मिनिटाला ८ हजार फेऱ्यांच्या पुढे फिरणाऱ्या, बीएमडब्ल्यू एम-३ च्या व्ही-८ आणि एम-५ च्या व्ही-१० मधल्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचंही तसंच. इंजिन गाडीतच ठेवून, खालचा ऑइल पॅन उतरवून ती बदलता येतात. काम मोठंच, पण इंजिन नव्यानं बांधण्यापुढे काहीच नाही.

माझ्या वहीतला दुसरा मोठा खर्च मात्र शुद्ध आळसाचा. मागच्या एका चाकावर गाडी सकाळी थोडी बसलेली दिसायची आणि इंजिन सुरू केलं की गाडी उठायची. मी म्हटलं, उठतेय ना, मग झालं. एअर स्प्रिंगच्या रबराला घडीच्या जागी तडा गेला होता. साबणाचं पाणी फवारलं असतं तर फुगे दिसले असते. गेलेली हवा भरून काढायला कॉम्प्रेसर तासन्‌तास राबला आणि पाच महिन्यांत जळाला. एका स्प्रिंगचं बिल स्प्रिंग, कॉम्प्रेसर आणि त्याला चालू-बंद करणारा रिले असं होऊन हातात पडलं. याला कुणाला बोल लावणार!

गिअरबॉक्सच्या ऑइलवर आधीच्या मालकांनी एक छदामही खर्च केला नव्हता, कारण ते 'आयुष्यभराचं' असतं असं म्हणतात. कुणाचं आयुष्य, ते कुणी सांगत नाही. असे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला बदला म्हणते. मी बदललं. फिल्टर प्लास्टिकच्या पॅनमध्येच असल्यामुळे पॅनही नवा घ्यावा लागला. पण दुसरा-तिसरा गिअर पडतानाचा झटका गेला. मोजलेले पैसे सार्थकी लागले असं वाटलेलं हे एकच बिल.

कुणी अशी गाडी बघायला सोबत बोलावलं, तर मी एकच हट्ट धरतो: इंजिन थंड हवं. विकणाऱ्यानं आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी यायचं. सुरू करून वीसेक मिनिटं जागेवर चालू ठेवायचं आणि मग ॲक्सिलरेटर दाबायचा. निळा धूर निघाला तर व्हॉल्व्हची सील गेली असण्याची शक्यता मोठी. तीही चिमटीत मावणारीच, आणि व्ही-८ ला ३२. डॅशबोर्डवर एकदम पाचसहा दिवे लागले तर मात्र घाबरून पळायचं नाही. आधी बॅटरीचा व्होल्टेज बघायचा. माझ्या गाडीत एकदा सस्पेन्शन, एबीएस आणि पार्किंग ब्रेक तिन्ही एकत्र 'बिघडले' होते, आणि नव्या बॅटरीनं तिन्ही बरे झाले.

सध्या उजव्या व्हॉल्व्ह कव्हरची गॅस्केट पाझरतेय. सिग्नलला थांबलं की एक्झॉस्टवर पडलेल्या ऑइलचा जळका वास आत येतो. मेकॅनिक म्हणाला, स्पार्क प्लग अजून ८ हजार किलोमीटरनी बदलायचेच आहेत, तेव्हा त्यांच्यावरच्या कॉइल काढाव्या लागतीलच, गॅस्केटही तेव्हाच बदलू, तोवर ऑइलची पातळी बघत राहा. ऑइलचा एक डबा डिकीत ठेवलाय.