हापूसवाल्याचा मुलगा हम्प्टी डूला

सिडनीत काम मिळालं नाही. मेलबर्नमध्ये एका कॅफेत मिळालं, तेही चार तासांचं, 'ट्रायल' म्हणून, म्हणजे फुकट. उमेदवाराला काम येतं की नाही हे बघण्यापुरता वेळ बिनपगारी चालतो, त्यापुढच्या वेळेचे पैसे द्यावे लागतात, असा तिथला नियम. दुपारची सगळी गर्दी संपेपर्यंत मी कप विसळले. मालक "कळवतो" म्हणाला, आणि कळवायचं राहूनच गेलं.

माझा व्हिसा ऑस्ट्रेलियाचा 'वर्क अँड हॉलिडे', सबक्लास ४६२. भारतीयांसाठी तो २०२४ मध्ये खुला झाला. वय १८ ते ३०, वर्षाला जागा फक्त १०००, म्हणून लॉटरी. तिची फी २५ डॉलर. नाव लागलं तेव्हा आईने देवगडात पेढे वाटले होते. त्यामुळे बोंडायच्या किनाऱ्यावरचे फोटो घरी जात होते, बँकेतली शिल्लक जात नव्हती. शहरांमधलं साहस म्हणजे खरं तर दहा जणांच्या डॉर्ममध्ये घोरणाऱ्याच्या खालचा बंक, आणि ज्याला त्याला हवा असलेला 'लोकल एक्स्पीरियन्स'.

हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात एका तैवानी मुलीने सांगितलं, "डार्विनला जा. आंब्याला माणसं कमी पडतायत." ऑक्टोबरमध्ये आंबा! पण त्या देशातले निम्म्याच्या आसपास आंबे नॉर्दर्न टेरिटरीत होतात, आणि आमच्या मोहोराचा पत्ता नसतो तेव्हा तिथे काढणी चालू असते. शिवाय अशा भागात तीन महिने शेतात काम केलं की दुसऱ्या वर्षाचा व्हिसा मागता येतो. विमानाचं तिकीट काढलं.

पहिल्या दिवशी पहाटे मिचेल स्ट्रीटवरून मिनीबसने आम्हाला उचललं. डार्विनजवळच्या हम्प्टी डू गावाच्या पुढे बाग. पाऊस सुरू होण्याआधीच्या त्या उकाड्याला तिथे 'बिल्ड-अप' म्हणतात. कोकणातल्या मे महिन्यासारखंच, फक्त समुद्रावरून वारा येत नाही. माझ्या शेजारी लीड्सचा एक मुलगा होता. त्याचे डोळे सुजून फटीएवढे उरले होते, मानेवर लाल चट्टे. आठवडाभर त्याने बाह्या वर सरसावून आंबे काढले होते. ब्रिटिशांना १ जुलै २०२४ पासून शेतकामाची अट उरलेली नाही. हा तरी कशाला आला? पैसे संपले म्हणून. सुपरवायझरबाईने त्याला औषधाच्या दुकानात पाठवलं आणि वळून मला विचारलं, "तुला आंब्याची ॲलर्जी?" मी म्हटलं, चीक अंगावर घेतच मोठा झालोय. आंबा आणि बिब्बा एकाच कुळातले, हे आमच्याकडे शाळेत जायच्या आधीच अंगाला कळतं. बाई हसल्या, पण लांब बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे घालायला लावलेच.

मग ते यंत्र बघितलं. दोन्ही बाजूंना ताडपत्रीचे पंख पसरलेले, त्यावर साबणासारख्या द्रावणाचा सतत फवारा, मध्ये सरकता पट्टा. ते झाडांच्या ओळीतून मुंगीच्या चालीने पुढे जातं आणि आपण भोवती चालत राहायचं. आंबा तोडायचा, देठ मोडायचा आणि थेट ओल्या ताडपत्रीवर टाकायचा. आमच्याकडे दापोलीच्या विद्यापीठाचा नूतन झेला, म्हणजे आंबे काढायची जाळीची काठी, वापरतात, देठ ठेवून फळ काढतात, म्हणजे चीक बाहेरच येत नाही. इथे उलटं: चीक येऊ दे, सालीवर बसण्याआधी धुऊन टाक. पहिला तासभर माझा हात देठ मोडायलाच तयार होईना. पॅसिफिकमधल्या वानुआतू बेटांवरचा एक गडी माझ्याकडे बघून डोकं हलवत होता. तो एका हाताने दोन आंबे काढायचा.

जात केन्सिंग्टन प्राइड. क्वीन्सलँडच्या बोवेन गावात ती रुजली. हिंदुस्थानात घोडे पोचवणाऱ्या व्यापाऱ्यांच्या हातून बी आलं, असं सांगतात. लंचला एक कापून खाल्ला. गोड आहे, रसाळ आहे. हापूस नाही. यावर वाद नको.

दुपारी एकच्या सुमारास वीज कडाडली. हातात लांब दांडे, म्हणून काम थांबवून सगळ्यांना शेडमध्ये आणलं. डार्विन आपल्यापेक्षा बरोबर चार तास पुढे. घरी नऊ वाजले असणार, म्हणून बाबांना व्हिडिओ कॉल लावला. ते बागेतच होते, बेणणी, म्हणजे गवत-झुडपं काढणं, चालू होती.

"आंबेच काढूचे होते तर इतक्या लांब कित्याक गेलंस?" हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न यंत्राचा. पावसात उभं राहून मला ते सगळ्या बाजूंनी दाखवावं लागलं. द्रावण कुठलं, डिझेल किती खातं, उतारावर चढेल का. आमच्या कातळावर ते दहा पावलंही जाणार नाही हे त्यांनाही कळत होतं, पण विचारायचं सोडवत नव्हतं.

मग फोन आमच्या राखणदारांकडे गेला. ते नेपाळचे. मी शाळेत होतो तेव्हापासून आमची बाग त्यांच्या भरवशावर आहे. यंत्रात त्यांना रस नव्हता.

"राहायला कुठे देतात? त्याचे पैसे कापतात?"

"हॉस्टेलमध्ये. मीच भरतो."

"पासपोर्ट तुझ्याकडेच आहे ना? मालकाकडे नाही दिला?"

त्यांचा भाऊ कतारला होता. मी खिशावर हात मारून आहे म्हणून सांगितलं. बाबांनी यातलं काहीच विचारलं नव्हतं. मुलगा मजूर म्हणून कुठे गेला की काय विचारायचं, हे आमच्या घरात कुणाला माहीतच नाही.

"पैसे रोजावर की पेटीवर?"

तासावर, मी म्हणालो. एप्रिल २०२२ पासून पेटीवर काम दिलं तरी तासाच्या किमान दरापेक्षा कमी देता येत नाही. तासाला तीस डॉलरच्या वर, त्यातून १५ टक्के कर. त्यांनी रुपयांत विचारलं. मी सांगितलं, दीड हजाराच्या पुढे.

"दिवसाचे?"

"तासाचे."

पलीकडे कोयत्यांचे आवाज थांबले. तेव्हा लक्षात आलं की फोन स्पीकरवर आहे आणि बेणणीला आलेली सगळी माणसं ऐकतायत. एकाने व्हिसाचं विचारलं. मी म्हटलं, देशांची यादी असते, नेपाळ त्यात नाही. मग बाबांचा हात स्क्रीनवर आला आणि कॉल कट झाला.

वीज तासाभराने ओसरली आणि आम्ही पुन्हा यंत्रामागे लागलो. संध्याकाळी हॉस्टेलवर पोचल्यावर बाबांचा मेसेज दिसला: "फुडच्या वेळेक मजुरीचो आकडो माका एकट्याकच सांग."